कान देऊन ऐकायचा फ्रेड अस्टेअर

मी कथक शिकवते. हॉलिवूडचा नर्तक-नट फ्रेड अस्टेअर पडद्यावर भरपूर पाहिला होता, पण नुसता ऐकला नव्हता. 'द अस्टेअर स्टोरी' हा दोन सीडींचा संच मागवला आणि गेले दोन महिने घरात दुसरं काही वाजलेलं नाही.

हे ध्वनिमुद्रण डिसेंबर 1952 मधलं, लॉस एंजेलिसचं. निर्माता नॉर्मन ग्रांझ. अस्टेअर तेव्हा 53 वर्षांचा होता. पियानोवर ऑस्कर पीटरसन, बासवर रे ब्राउन, गिटारवर बार्नी केसल. सिनेमातला मोठा वाद्यवृंद नाही, सहा वादकांचा ताफा. गाण्यांआधी अस्टेअर स्वतः दोन शब्द बोलतो, तेही जपून ऐकावेत असे.

त्याचा आवाज लहान आहे. दमसास दाखवणं नाही, ताना नाहीत. मग अर्व्हिंग बर्लिन, जॉर्ज गर्श्विन, कोल पोर्टर, जेरोम कर्न या सगळ्या संगीतकारांनी आपली उत्तम गाणी याच्यासाठी का लिहिली? उत्तर शब्दांच्या फेकीत आहे. शब्द कधी ठोक्याच्या किंचित मागे, कधी नेमका समेवर. आणि प्रत्येक अक्षर स्वच्छ. 'चीक टु चीक' ऐका. त्या काळी गाणं साधारण 32 मात्राखंडांचं (बारचं) असे, बर्लिनने हे 72 चं केलं. एवढ्या लांब वाटेवर अस्टेअर कुठेही धापा टाकत नाही.

'फॅसिनेटिंग ऱ्हिदम' तर मी विद्यार्थिनींना मुद्दाम ऐकवते. चारच्या ठेक्यावर साडेतीनचा तुकडा पुन्हा पुन्हा येतो आणि दरवेळी वजन सरकतं. लयकारी म्हणतात ती हीच! 1924 च्या 'लेडी, बी गुड!' या नाटकात फ्रेड आणि त्याची बहीण अडेल यांना या गाण्यावरून बाहेर पडायचा पदन्यास सापडत नव्हता, तो तालमीत खुद्द जॉर्ज गर्श्विनने करून दाखवला. संगीतकाराच्या पायातही लय असली की असं गाणं होतं.

संचाचा खरा ठेवा म्हणजे नाचाचे तुकडे. नावं साधी: स्लो, मीडियम, फास्ट. आपलं विलंबित, मध्य, द्रुतच. चित्र नाही, फक्त बुटाच्या तळाला ठोकलेल्या धातूच्या पट्ट्यांचा नाद आणि वादकांची साथ. टाचेचा नि चवड्याचा आवाज वेगळा कळतो. मी घुंगरू न बांधता तत्कार करत शेजारी उभी राहिले, द्रुतला मागे पडले.

वादकांचं जॅम सेशन, म्हणजे आयत्या वेळी रंगवलेलं नुसतं वादन, मला लांबलेलं वाटलं. माझ्या संचाची पेटी कोपऱ्यात तडकलेली आली, पण तबकड्या धड होत्या, म्हणून परत पाठवली नाही.

एक गाणं मात्र मी रात्री, दिवा मालवून ऐकते: 'दे कान्ट टेक दॅट अवे फ्रॉम मी'. शब्द आयरा गर्श्विनचे, चाल त्याचा भाऊ जॉर्जची. टोपी घालायची तुझी ढब, चहा पिण्याची तुझी रीत, एवढ्याच आठवणी. हे गाणं ज्यात होतं तो 'शॅल वी डान्स' हा सिनेमा मे 1937 मध्ये लागला, जुलैत जॉर्ज गेला, अवघ्या 38 व्या वर्षी. पंधरा वर्षांनी अस्टेअर ते पुन्हा गातो आहे, आणि आवाज जराही चढवत नाही.