केप्लर की टेस? घरबसल्या ग्रह शोधायला कोणाचा डेटा घ्यावा

लॅपटॉप आहे, थोडंफार पायथन येतं, ताऱ्यांभोवतीचे ग्रह शोधून बघायचेत. मग डेटा केप्लरचा घ्यायचा की टेसचा? नासाच्या या दोन्ही दुर्बिणींची निरीक्षणं ‘मास्ट’ या संग्रहात फुकट आहेत आणि दोन्ही ‘लाइटकर्व्ह’ पॅकेजने उघडतात. पद्धतही एकच. ग्रह समोरून गेला की ताऱ्याचा प्रकाश किंचित उतरतो. तो ठरावीक काळाने पुन्हापुन्हा उतरतो का, ते पाहायचं.

केप्लरने 2009 ते 2013 हंस आणि स्वरमंडळ या तारकासमूहांतल्या एकाच पट्ट्यावर नजर ठेवली. दीड लाखाहून जास्त तारे, बहुतेकांची दर अर्ध्या तासाला नोंद. त्यामुळे वर्षाला एक फेरी मारणाऱ्या ग्रहाची तीन-चार अधिक्रमणं (ताऱ्यासमोरून जाणं) त्यात मिळू शकतात. सूर्यासारख्या ताऱ्याचा प्रकाश गुरूएवढ्या ग्रहाने एक टक्का घटतो, पृथ्वीएवढ्याने जेमतेम 0.008 टक्के. हे दुसरं काम केप्लरच्या आवाक्यातलं. पण हा डेटा बराच चाळून झालाय. 2017 मध्ये केप्लर-90चा आठवा ग्रह त्यातूनच निघाला हे खरं, मात्र त्यामागे मशीन लर्निंग होतं. (केप्लरचीच पुढची के-2 मोहीम तूर्त सोडा. यान सतत किंचित सरकायचं, ते डाग पुसण्यातच वेळ जातो.)

2018 मध्ये अवकाशात गेलेली टेस जवळजवळ सगळं आकाश बघते, पण एका भागाला साधारण 27 दिवसच देते. वीस-पंचवीस दिवसांत एक फेरी मारणारा ग्रह तेवढ्यात बहुधा एकदाच दिसतो, मग आवर्तन (एका फेरीचा काळ) ठरवणार कसं? क्रांतिवृत्ताच्या (आकाशातल्या सूर्याच्या वार्षिक मार्गाच्या) ध्रुवांजवळ मात्र हे भाग एकमेकांवर येतात आणि जवळपास वर्षभराची सलग नोंद मिळते. मी तिथूनच सुरुवात करेन. शिवाय टेसचे तारे तुलनेने तेजस्वी असतात, म्हणून जमिनीवरून पडताळणी जमते. माउंट अबूवरच्या पारस उपकरणाने टीओआय-1789 या ताऱ्याच्या ग्रहाचं वस्तुमान मोजलं, तो संशयित टेसनेच दाखवला होता.

खरी डोकेदुखी पिक्सेलची. केप्लरचा पिक्सेल सुमारे 4 विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा 3600वा भाग), टेसचा 21 विकलांचा. एवढ्या चौकटीत शेजारचे तारेही येतात, आणि त्यातला एखादा पिधानकारी युग्मतारा (एकमेकांना आळीपाळीने झाकणारे दोन तारे) असेल तर त्याचं पिधान हुबेहूब ग्रहासारखं दिसतं. एकाआड एक उतारांची खोली वेगळी निघाली किंवा तळ सपाट नसून टोकदार असला, तर संशय घ्या. गाया उपग्रहाच्या यादीत आजूबाजूचे तारेही तपासा.

माझा कौल: हात बसवायला केप्लर, नवं शोधायला टेस. आधी केप्लर-8 घ्या. साडेतीन दिवसांचं आवर्तन आणि ठळक उतार, त्यामुळे आपला प्रोग्रॅम बरोबर चालतोय की नाही ते लगेच कळतं. कोड लिहायचाच नसेल तर ‘प्लॅनेट हंटर्स टेस’ या संकेतस्थळावर नुसत्या डोळ्यांनी आलेख तपासता येतात. आणि काही हाती लागलंच, तर कोणाला सांगण्याआधी तो तारा टेसच्या संशयितांच्या यादीत आहे का ते बघा, बऱ्याचदा असतो.