क्रँक गेलाच नव्हता

माझी दहा टायरची एकच गाडी आहे. सोलापूरच्या मार्केट यार्डातून कांदा भरून हैदराबादला न्यायचा, येताना मिळेल ते भाडं घ्यायचं, यावर आमचं घर चालतं. गेल्या जानेवारीत, गड्ड्याची यात्रा चालू असताना, या गाडीच्या इंजिनावर माझे 2,35,000 रुपये गेले. खरं काम पंचवीस-तीस हजारांचं होतं. कांद्याच्या हंगामात यार्डाबाहेर माझ्यासारखे एका गाडीचे मालक कितीतरी उभे असतात, त्यांच्यासाठी हे सगळं लिहितोय.

16 टन कांदा भरून गाडी रात्री निघाली. नळदुर्गच्या अलीकडे एका हॉटेलवर ड्रायव्हर जेवला आणि तिथंच झोपला. पहाटे चारला सेल्फ (इंजिन चालू करणारी मोटर) मारला तर नुसतं 'टक'. परत मारला, परत टक. हेडलाइट झगझगीत, म्हणजे बॅटरीचा प्रश्न नव्हता. त्याचा फोन आला, "मालक, इंजिन फिरंना."

आमचे नेहमीचे मिस्त्री, ज्यांना सगळे चाचा म्हणतात, लग्नासाठी कलबुर्गीला गेलेले. हॉटेलवाल्यानं एक नंबर दिला. तो माणूस सोलापुरातून आला, चार-पाच वेळा सेल्फ मारला, फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिनाच्या मागच्या जड चाकाला, पहार लावून एकदा जोर करून बघितला आणि सांगून टाकलं, "जाम आहे. क्रँक गेला. खोलल्याशिवाय इलाज नाही." क्रँक म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा. सगळा कारभार दहा मिनिटांचा. व्यापारी दर अर्ध्या तासाला फोन करत होता, कांदा ताडपत्रीखाली तापत होता. मी हो म्हणालो. दुसरी गाडी बोलावून माल पलटी केला, त्याची हमाली आणि भाडं वेगळं, आणि रिकामी गाडी टोचन करून त्याच्या शेडवर नेली.

तिसऱ्या दिवशी त्यानं मला बोलावलं. पोत्यावर बेअरिंगं मांडून ठेवली होती, निळी-काळी पडलेली, खरवडून निघालेली. "बघा, तुमच्याच गाडीची." मी फोटो काढला, एवढं एक बरं केलं. मग क्रँक ग्राइंडिंग, बेअरिंग सेट, सहाच्या सहा लायनर-पिस्टन, हेड पॅकिंग असा आकडा चढत गेला. सुरुवातीला 60,000 घेतले होते. उरलेल्यासाठी बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या. हिशेब वहीच्या फाडलेल्या पानावर लिहिलेला. जीएसटीचं बिल मागितलं तर म्हणाला, "बिल घेतलं तर 18 टक्के वर द्यावे लागतील." मी गप्प बसलो.

मे महिन्यात चेंबरच्या, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याच्या, पॅकिंगमधून ऑइल गळायला लागलं म्हणून गाडी चाचांकडे नेली. चेंबर उतरवल्यावर ते बराच वेळ टॉर्च लावून वर बघत राहिले. मग एका कनेक्टिंग रॉडची (पिस्टन आणि क्रँक जोडणाऱ्या दांड्याची) कॅप सोडली, बेअरिंग काढून पुसलं आणि उलटं करून माझ्या हातात दिलं. पाठीवर 'एसटीडी' असा शिक्का.

"क्रँक ग्राइंड केला म्हणालात ना? मग हे स्टँडर्ड बेअरिंग कसं बसलं?"

क्रँक ग्राइंड केला की तो बारीक होतो. मग बेअरिंग जाड घ्यावं लागतं आणि त्याच्या पाठीवर 0.25 किंवा 0.50 असा आकडा असतो. स्टँडर्ड बेअरिंग बसलंय, म्हणजे क्रँकला दगड लागलेलाच नाही. पिस्टनच्या पोटाला खालून जुनी तपकिरी लाख चढलेली होती. चार महिन्यांच्या पिस्टनला ती तशी नसते. मी मोबाइलमधला तो फोटो दाखवला. चाचांनी बोटानं मोजलं. अठरा. प्रत्येक बेअरिंग दोन अर्ध्या तुकड्यांचं असतं; सहा सिलिंडरच्या इंजिनात कनेक्टिंग रॉडचे 12 आणि क्रँकच्या मेन बेअरिंगचे 14 असे 26 अर्धे निघतात. अठरा निघतात ते चार सिलिंडरच्या इंजिनात. मला दाखवलेली बेअरिंगं माझ्या गाडीची नव्हतीच.

मग चाचांनी ड्रायव्हरला बसवून विचारलं, आधी काही लक्षण होतं का. होतं. महिनाभर रेडिएटरमध्ये रोज पाणी टाकावं लागत होतं आणि बाहेर थेंबाची गळती नव्हती. सकाळी पहिल्यांदा चालू केली की पांढरा धूर. आणि ड्रायव्हरनं तेव्हा कुणाला न सांगितलेली गोष्टही आता सांगितली: त्या शेडवर तिसरं नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारं) काढल्यावर पाण्याची चिळकांडी उडाली होती, आणि लगेच त्याला चहा आणायला पाठवलं होतं.

म्हणजे त्या माणसाला रोग तिथंच कळला होता. हेड पॅकिंग, म्हणजे सिलिंडर आणि वरचं हेड यांच्यामधलं पॅकिंग, फुटलेलं. गाडी गरम असताना उभी केली की रेडिएटरच्या पाण्याला दाब असतो, ते फुटक्या जागेतून सिलिंडरमध्ये झिरपतं. 5.9 लिटरच्या सहा सिलिंडरी इंजिनात एका सिलिंडरला जेमतेम लिटरभर जागा. कॉम्प्रेशन 17 पट धरलं तर पिस्टन पार वर गेल्यावर उरते ती 60 मिलिलिटरच्या आसपास, कटिंग चहाएवढी. त्याहून जास्त पाणी साचलं की पिस्टन वर जाऊच शकत नाही, कारण पाणी दाबलं जात नाही. अशा वेळी सेल्फ मारत राहिलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो. माझा वाकला नाही हे नशीब.

चाचा म्हणाले, "चालता चालता आवाज करून बंद पडली तर बेअरिंग किंवा पिस्टनचा संशय घ्या. नीट उभी केलेली गाडी सकाळी फिरत नसेल तर आधी पाणी बघा." नुसत्या 'जाम' या शब्दावर इंजिन खोलू देऊ नका, असं मी सगळ्यांना सांगतो ते यामुळंच.

त्यांची पद्धत मी त्यानंतर दोन वेळा उभं राहून बघितली आहे. आधी बॅटरीचं टर्मिनल काढायचं, गाडी न्यूट्रलला. मग पट्टा काढायचा, कारण डायनॅमो किंवा वॉटर पंप धरला तरी इंजिन अडल्यासारखं वाटतं. मग सेल्फ उतरवायचा; त्याचा पिनियन फ्लायव्हीलच्या दात्यांत अडकून बसलेला असू शकतो. ब्रेकचा एअर कॉम्प्रेसर बऱ्याच गाड्यांत गिअरवर चालतो, तो धरला तर पट्टा काढूनही कळत नाही, म्हणून तोही ध्यानात ठेवायचा. मग हातानं फिरवायचं, पुढं आणि मागं. मागं येतंय पण पुढं ठरावीक जागी अडतंय, तर सिलिंडरमध्ये काहीतरी आहे. दोन्हीकडं केसभरही हलत नाही, तर इंजिन खरंच जाम झालंय. त्यानंतर सगळी नोझल काढून पुन्हा हातानंच फिरवायचं, तोंड बाजूला ठेवून. शेवटी चेंबरचा नट थोडा सैल करायचा: ऑइलमध्ये पाणी असेल तर ते तळाला बसतं आणि आधी बाहेर येतं. ऑइल फिल्टर कापून कागदाच्या घड्या उलगडायच्या; चमकणारा चुरा दिसला तर बेअरिंग गेलं हे मान्य करायचं. एवढं होईपर्यंत हेडला पाना लागता कामा नये, आणि हे होताना मालक तिथं हवा. मी नव्हतो.

बेअरिंग घेऊन मी त्या शेडवर गेलो. आधी तो ओळखच देईना. तीन दिवस दारात बसून राहिल्यावर 30,000 परत दिले, बाकीचे "बघू". वकिलांनी सांगितलं, ग्राहक आयोगाकडं 2 वर्षांच्या आत तक्रार करता येते, पण वहीच्या पानावर ना सही आहे ना नाव. यूपीआयनं दिलेले 40,000 तेवढे दिसतात, उरलेले रोख होते. तक्रारीचे कागद तयार करतोय.

पाटल्या अजून सुटलेल्या नाहीत. ड्रायव्हरला सांगून ठेवलंय: सेल्फ एकदाच मारायचा, 'टक' झालं की बॅटरी काढायची आणि मला फोन करायचा, रात्रीचे दोन वाजले असले तरी.