विमान-अंतर सांगणाऱ्या वेबसाइट: किलोमीटर पक्के, तास कच्चे

पोरगं शिकायला लंडनला निघालं की गावातल्या ऑनलाइन सेंटरवर पहिला प्रश्न येतो, "किती तास लागतात?" दोन शहरांची नावं टाकली की हवाई अंतर आणि वेळ दाखवणाऱ्या फुकटच्या वेबसाइट ढिगानं आहेत. त्यातलं अंतर बिनधास्त धरा. नागपूर–मुंबई सुमारे 680 किलोमीटर, नागपूर–लंडन सुमारे 7,470. मोजणी पृथ्वीच्या गोलाईवरून होते, म्हणून नकाशावरची रेघ वाकडी दिसते. ती चूक नव्हे. फक्त आकडा मैलात आहे का ते बघा: साधा मैल 1.609 किलोमीटरचा, विमानवाल्यांचा नॉटिकल मैल 1.852 चा.

घोळ वेळेत आहे. बहुतेक साइट अंतराला ताशी 800-900 किलोमीटरनं भागतात आणि चढ-उतारासाठी अर्धा तास मिळवतात. जेट विमानाला हे चालतं. पण अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईला एटीआर-72 जातं, पंख्याचं विमान, वेग ताशी 500 च्या आसपास. साइट सांगते तास-सव्वा तास, लागतात पावणेदोन.

लंडनचं उत्तर येतं सव्वानऊ तास. नागपूरहून लंडनला थेट विमानच नाही, हे साइट सांगत नाही! कतारमधल्या दोहामार्गे गेलात तर अंतर आठ हजारांवर जातं, हवेतले तास अकराच्या पुढे, आणि दोह्याचा थांबा वेगळा. पश्चिमेकडे जाताना वारा समोरून असतो, म्हणून येण्यापेक्षा जायला जास्त वेळ लागतो. हेही त्या भागाकारात नाही.

तिकिटावरच्या वेळा त्या-त्या गावच्या घड्याळाच्या असतात. समजा नागपूरहून पहाटे 3:45 ला सुटून दोह्याला 5:30 ला उतरायचं आहे. वजाबाकी पावणेदोन तासांची येते, पण दोहा आपल्यापेक्षा अडीच तास मागे, म्हणजे प्रवास सव्वाचार तासांचा. लंडन हिवाळ्यात साडेपाच तास मागे, उन्हाळ्यात साडेचार.

विमानतळ गाठायचा वेळही साइट धरत नाही. यवतमाळ ते नागपूर सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटर, एसटीनं दीडशे, वेळ तीन तास धरा. गावापासून यवतमाळपर्यंतची काळीपिवळी त्याआधीची. ती भरल्याशिवाय हलत नाही. देशातल्या विमानासाठी दोन तास आधी, परदेशीसाठी तीन तास आधी नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर पोचायचं. देशातल्या विमानाचं काउंटर साधारण तासभर आधी बंद होतं. पहाटेचं विमान असेल तर पहिल्या एसटीचा भरवसा नको, आदल्या रात्रीच नागपूर गाठा. दिल्लीला विमान बदलायचं असेल तर डिसेंबर-जानेवारीत धुक्यासाठी चार तास हाताशी ठेवा. दोन वेगळी तिकिटं असतील तर सामान उतरवून पुन्हा जमा करावं लागतं, आणि पहिलं विमान उशिरा आलं तर दुसऱ्याचे पैसे बुडतात.

अशा साइटना पाचपैकी तीन गुण. 'अमरावती' टाकल्यावर आंध्रची अमरावती तर निवडली गेली नाही ना, ते नकाशावर एकदा बघून घ्या.