इग्वानाच्या पिंजऱ्यातली एक्सपीएस-ग्राउटची खडकभिंत: उन्हाळा-पावसाळा काढल्यानंतर

सहा फूट उंच, चार फूट रुंद प्लायवुडचा पिंजरा, आत पूर्ण वाढलेला हिरवा इग्वाना (मोठा पाळीव सरडा), पाठीला नकली खडकाची भिंत आणि रोज दोनदा पाण्याचा फवारा. भिंतीचा सपाट भाग अजून ठणठणीत आहे. त्रास दिला तो कपारींच्या, म्हणजे इग्वानाला बसायला काढलेल्या खडकाच्या फळ्यांच्या, सांध्यांनी.

पाठीला 50 मिमीचं एक्सपीएस (घट्ट, गुळगुळीत पॉलिस्टायरीन फोम) शीट, त्यावर 25 मिमीचे कोरलेले तुकडे, वर टाइल ग्राउटचे, म्हणजे टाइलच्या फटी भरायच्या सिमेंटचे, चार हात. साधा थर्माकोल स्वस्त पडतो, पण कोरताना दाणे सुटतात आणि नख लागलं की खड्डा पडतो. एक्सपीएसचे जास्तीचे पैसे वसूल होतात. चिकटवायला सॉल्व्हंटवालं रबर अडेसिव्ह अजिबात नको, फोम विरघळतो. न्यूट्रल सिलिकॉन किंवा पीयू (पॉलीयुरेथेन) फोम घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सिमेंटला नीट धरत नाही.

ग्राउटचा पहिला हात ताकासारखा पातळ हवा, म्हणजे कोरलेल्या खाचांत शिरतो. पुढचे घट्ट करत जा. रंग ग्राउटमध्येच कालवा: आयर्न ऑक्साइड, सिमेंटच्या वजनाच्या 5 टक्क्यांपर्यंत. वरून रंगवलेल्या भिंतीवर नखांचे ओरखडे लगेच उठून दिसतात. इथे ओरखडे आहेत, पण आतही तोच रंग असल्याने जवळ जाऊन पाहिल्याशिवाय कळत नाहीत.

पावसाळ्यात पाण्याच्या टबाजवळ लोणा (क्षारांचा पांढरा थर) आला. सिमेंट पुरतं मुरायच्या आत सीलर (पाणी अडवणारा लेप) मारला की आतले क्षार ओलाव्याबरोबर वर येतात आणि सीलर फुगून सुटतो. शेवटच्या हातानंतर आठवडाभर पाणी मारा, पांढरं दिसलं तर पातळ व्हिनेगरने पुसून धुवा, खडखडीत वाळू द्या, मगच वॉटर-बेस्ड पॉलीयुरेथेनचे तीन हात. वास पूर्ण जाईपर्यंत, निदान दोन आठवडे, प्राणी आत सोडू नका.

आता कपारी. चार-पाच किलोचा इग्वाना वरून धपकन उतरला की फोम दबतो, ग्राउट दबत नाही, आणि सांध्यावर केसाएवढी चीर पडते. तिच्यातून पाणी शिरतं, मागे बुरशी धरते. म्हणून वजन फोमवर येऊच देऊ नका: प्लायमध्ये स्क्रूने आवळलेला लाकडी ब्रॅकेट, त्याभोवती फोम, आणि ग्राउटच्या दुसऱ्या हातात दाबून बसवलेली प्लास्टरची फायबर जाळी. जाळीच्या कपारी जशाच्या तशा आहेत, बिनजाळीच्या भेगाळल्या. चीर दिसली की ती थोडी रुंद कोरून जाळी, ग्राउट, सीलर. यात चालढकल नको; उघड्या फोमचा तुकडा गिळला गेला तर आतडं तुंबतं.

बास्किंग दिव्यालगत (इग्वाना ऊब घेतो तो दिवा) मात्र फोम वापरूच नका. पॉलिस्टायरीन उष्णतेने मऊ पडतं आणि पेटही घेतं. तेवढ्या भागात सिमेंट बोर्ड लावून त्यावरच ग्राउट फिरवा. भिंत अखंड न करता तीन पॅनेलमध्ये करा आणि स्क्रूने बसवा. मागे झुरळं-मुंग्या शिरल्या की एक पॅनेल उतरवून साफ करता येतं.