आतला आवाज की लख्ख प्रकाश?

अंतःप्रेरणा आणि मर्मदृष्टी यांना आपण सर्रास एकाच माळेत ओवतो. खरं तर दोन्हींचा क्रमच उलटा. अंतःप्रेरणेत उत्तर आधी येतं, कारण सांगता येत नाही. मर्मदृष्टीत आधी डोकं पार अडतं, मग अचानक उलगडा होतो आणि कारणही दिसतं.

मानसशास्त्रज्ञ डुंकरचं मेणबत्तीचं कोडं घ्या. मेणबत्ती, काडेपेटी, खोकंभर टाचण्या. मेणबत्ती भिंतीवर लावायची, मेण खाली सांडता कामा नये. लोक मेणबत्तीलाच टाचण्या टोचत बसतात. खोकं रिकामं करून भिंतीवर ठोकलं की झालं! तेच खोकं आधीपासून रिकामं दिलं, तर कोडं बऱ्याच जणांना सुटतं. मेटकाफ आणि वीब या मानसशास्त्रज्ञांच्या 1987 च्या प्रयोगात अशी कोडी सोडवणाऱ्यांना ‘जवळ आलोय’ ही जाणीव शेवटच्या क्षणापर्यंत फारशी झालीच नाही. बीजगणितात मात्र ती हळूहळू वाढत गेली.

अंतःप्रेरणेचा वेग मोहात पाडतो. तळ्यातली कमळपानं रोज दुप्पट होतात, 48 व्या दिवशी तळं भरतं. अर्धं कधी भरलं? मन झटकन म्हणतं 24. उत्तर आहे 47.

तरी तिला मोडीत काढू नये. कानमन आणि क्लाइन हे मानसशास्त्रज्ञ एरवी विरुद्ध बाजूंचे: कानमन अंतःप्रेरणेबद्दल साशंक, क्लाइन तिच्या बाजूचे. 2009 मध्ये त्यांचं एकमत झालं, की क्षेत्रात नियमितपणा असेल आणि चुका लगेच कळत असतील, तर जाणकाराचा अंदाज विश्वासार्ह असतो. बुद्धिबळात म्हणूनच मी तिलाच झुकतं माप देईन, शेअर बाजारात अजिबात नाही.