जुन्या गेमसाठी लिनक्स मिंट : काही महिने वापरल्यानंतर (आणि विंडोज एक्सपीचा डबा अजून का ठेवलाय)

थेट मुद्द्यावर येतो. विंडोजच्या जुन्या गेम खेळायच्या म्हणून मी लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम, टाकलं आणि गेले बरेच महिने तेच वापरायलोय. ऐकायला उलटं वाटतंय, पण आमच्याकडच्या जुन्या गेम विंडोज १० पेक्षा मिंटवर जास्त चालल्या. सगळ्या नाही. ज्या नाही चालल्या त्याचंही सांगतो, कारण लिनक्सचं नुसतं कौतुक करणारे लई आहेत आणि त्यांच्या नादानं माणूस फसतो.

मशीन आधी सांगतो म्हणजे तुमच्याशी ताडून बघता येईल. चौथ्या पिढीचा आय थ्री, ८ जीबी रॅम, एसएसडी आणि जीटी ७१० ग्राफिक्स कार्ड, ते पण बिनफॅनचं. विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, म्हणजे आमचा पीसी बाद. जुगाड करून ११ टाकून देणारे आहेत गावात, पण ११ टाकून जुन्या गेमचा प्रश्न सुटत नाही, उलट वाढतो, ते पुढं कळेलच.

डेंजरस डेव्ह, प्रिन्स ऑफ पर्शिया असल्या डॉसच्या गेम या भानगडीतून आधीच बाजूला काढा. त्या डॉसबॉक्समध्ये (जुन्या डॉसची नक्कल करणारा प्रोग्राम) चालतात, खाली विंडोज असो, लिनक्स असो नाहीतर मॅक असो. गेम लई जोरात पळायली तर कंट्रोल आणि एफ११ नं सायकल्स कमी करा, एफ१२ नं वाढवा, झालं. ऑपरेटिंग सिस्टीमचा खरा प्रश्न १९९५ ते २००८ च्या मधल्या गेमचा आहे, म्हणजे आपण कॅफेत तासाला पैसे मोजून खेळलो त्याच सगळ्या.

नवीन विंडोजवर त्या अडतात कशा ते एकदा समजून घ्या, म्हणजे उगाच चार ठिकाणांहून सेटअप डाऊनलोड करत बसणार नाही. ९५-९८ च्या काळातल्या बऱ्याच गेम स्वतः ३२ बिटच्या असतात पण त्यांचा इन्स्टॉलर १६ बिटचा असतो, आणि ६४ बिट विंडोज १६ बिटचं काही चालवतच नाही, त्यामुळं गेम चालण्यासारखी असूनही सेटअपवरच गाडी अडते. विंडोज १० ची ३२ बिट आवृत्ती हे चालवते खरं, पण तिचा पण सपोर्ट गेला, आणि विंडोज ११ ची तर ३२ बिट आवृत्ती निघालीच नाही. दुसरी भानगड सेफडिस्कची, म्हणजे ओरिजिनल सीडी आहे का ते तपासणारं कुलूप. त्याच्या ड्रायव्हरमध्ये सुरक्षेचा घोळ होता म्हणून विंडोज १० मध्ये मायक्रोसॉफ्टनं तो चालू दिलाच नाही आणि सप्टेंबर २०१५ च्या अपडेटनं व्हिस्टा, ७ आणि ८ वर पण बंद करून टाकला. म्हणजे ज्यानं पैसे देऊन सीडी घेतली त्याची गेम अडकली आणि कॉपीवाल्याची चालली, काय बोलायचं ओ.

आणि तिसरी गोष्ट मला सगळ्यात भारी वाटली. विंडोज ११ चं २४एच२ अपडेट आल्यावर जीटीए सॅन अँड्रियासमधलं स्किमर नावाचं पाण्यावर उतरणारं विमान गायब झालं. लोकांनी विंडोजला शिव्या घातल्या, पण चूक गेममध्येच होती. त्या विमानाच्या माहितीच्या ओळीत चाकांच्या मापाचे आकडे टाकायचे राहिले होते आणि गेम त्या जागी मेमरीत जे उरलेलं असेल ते उचलत होती, योगायोगानं तिथं इतकी वर्षं बरोबर आकडे पडून होते, नवीन अपडेटनं ती जागा दुसऱ्या कामाला वापरली आणि बिंग फुटलं. वीस वर्षं नशिबावर उडालं ते विमान! म्हणजे आज तुमच्या विंडोजवर एखादी गेम चालायलीय म्हणून पुढच्या अपडेटनंतर पण चालेल असं काही नाही.

मिंटवर हेच सगळं वाइन सांभाळतं. वाइन म्हणजे विंडोजची नक्कल नाही आणि आत लपवलेली विंडोज पण नाही, गेम विंडोजला जे मागते ते ऐकून लिनक्सकडून करून देणारा मधला माणूस समजा. ६४ बिट लिनक्सवर ३२ बिटचं प्रीफिक्स केलं की १६ बिटचे इन्स्टॉलर पण बऱ्यापैकी चालतात, आणि मला पहिला आनंद इथंच झाला. प्रीफिक्स म्हणजे गेमपुरता वेगळा सी ड्राइव्ह आणि वेगळी रजिस्ट्री. एका गेमसाठी केलेली खुडबूड दुसरीला बाधत नाही. लुट्रिस (वाइनमध्ये गेम लावून देणारा प्रोग्राम) टाकलं तर हे माउसनंच करता येतं, टर्मिनलला घाबरायचं कारण नाही.

एज ऑफ एम्पायर्स २, तीच १९९९ ची, विंडोज ७ वर आमच्याकडं गवत लाल आणि पाणी जांभळं दाखवायची, एक्सप्लोरर बंद करून मग गेम चालू करायचा उद्योग ज्यांनी केलाय त्यांना माहितीय. ती २५६ रंगांची गेम आहे आणि मागं चालू असलेलं एक्सप्लोरर तिचे रंग पळवतं. वाइनमध्ये हा त्रास झाला नाही. फक्त वाइनच्या सेटिंगमध्ये व्हर्च्युअल डेस्कटॉप चालू करा, म्हणजे गेम एका चौकटीत उघडते, नाहीतर बाहेर पडल्यावर सगळा स्क्रीन ८०० बाय ६०० वर अडकून बसतो आणि घरचे म्हणतात पीसी बिघडवला. नीड फॉर स्पीड टू एसई च्या थ्रीडीएफएक्सवाल्या (जुनं ग्राफिक्स कार्ड) आवृत्तीला त्या कार्डाची नक्कल करणारं एनग्लाइड लागतं. क्रिकेट ०७ ला काहीच करावं लागलं नाही. ईए नं त्यानंतर क्रिकेटची गेमच काढली नाही पण आपली पोरं अजून तिला नवीन टीम आणि नवीन कपडे चढवतायत. ते पॅच मात्र त्याच प्रीफिक्समध्ये चालवा नाहीतर गेम सापडत नाही म्हणून रडतात. व्हाइस सिटीत फ्रेम लिमिटर चालूच ठेवा, बंद केला की गाड्या विचित्र वागायला लागतात.

जीटी ७१० वाल्यांनी हे नीट वाचा. प्रोटॉन (स्टीम या गेमच्या दुकानाचं वाइन) आणि लुट्रिस दोन्ही डीएक्सव्हीके वापरतात, ते डायरेक्टएक्सचं, म्हणजे विंडोजच्या ग्राफिक्सचं, काम व्हल्कन या दुसऱ्या ग्राफिक्सच्या रस्त्याकडं वळवतं, आणि त्याच्या २.० पासून पुढच्या आवृत्त्यांना व्हल्कन १.३ लागतं. आमच्या कार्डाचा शेवटचा ड्रायव्हर ४७० च्या मालिकेतला, तो १.२ वरच थांबतो. मग गेम उघडते आणि काळा स्क्रीन दाखवून बंद होते, आणि माणूस दोन दिवस गेमलाच दोष देत बसतो. लुट्रिसमध्ये डीएक्सव्हीके बंद करा, वाइन मग स्वतःच्या ओपनजीएलवाल्या रस्त्यानं जातं, इतक्या जुन्या गेमला तेवढं बास आहे. जीटी १०३० किंवा पुढचं कार्ड असेल तर हा परिच्छेद विसरा.

आता तक्रारी. लॅनवर मिंटनं निराश केलं. एज ऑफ एम्पायर्सचं लॅन डायरेक्टप्लेवर (मायक्रोसॉफ्टचा गेम जोडणारा जुना भाग) चालतं आणि वाइनमधलं ते अर्धवट आहे, वाइनट्रिक्सनं (वाइनमध्ये विंडोजचे भाग टाकणारं साधन) मायक्रोसॉफ्टचं टाकलं तरी मेव्हण्याच्या विंडोज लॅपटॉपवर माझी गेम कधी दिसायची कधी नाही. त्याच्याकडं पण ते मुद्दाम चालू करावं लागलं, विंडोज फीचर्समध्ये लेगसी कंपोनंट्सच्या आत असतं. सेफडिस्कवाली सीडी मिंटवर पण चालेलच असं नाही, त्याची फार आशा ठेवू नका. आणि पोराला व्हॅलोरंट ही ऑनलाइन गेम पाहिजे, तिचं अँटीचीट (चीटिंग पकडणारा भाग) लिनक्सवर चालत नाही, विषय संपला. त्याचं तोंड अजून वाकडंच आहे.

म्हणून एक्सपीचा डबा ठेवलाय. काकांच्या दुकानात पडून असलेला कोअर टू ड्युओ, जी३१ चा बोर्ड, त्यावर एक्सपी. एक्सपी टाकताना निळा स्क्रीन येऊन शेवटी ७बी दिसलं तर बायॉसमध्ये साटा (हार्डडिस्कची जोडणी) आयडीई मोडवर करा. या डब्याला इंटरनेटची वायर लावायची नाही, ज्याचा सपोर्ट एप्रिल २०१४ ला संपला त्याला नेटवर सोडणं म्हणजे आ बैल मुझे मार. सीडी घालायची, गेम चालू, कसला प्रीफिक्स नाही न काही नाही, आणि लॅन एकदम मख्खन, मेव्हणा लॅपटॉप घेऊन आला की मी एक्सपीवर बसतो. पण ऑनबोर्ड ग्राफिक्सवर मोस्ट वॉन्टेड रडतंय, आणि एप्रिल-मे मध्ये सोलापुरात बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत त्याचा फॅन असा ओरडतो की शेजारी विचारतात यंत्रमाग घेतला काय ओ. उन्हाळ्यात तो दुपारी बंदच असतो. मिंटवाला बिनफॅनच्या कार्डामुळं गप असतो, तसा नळाला पाणी यायच्या दिवशी दोन्ही बंदच, पाणी भरायच्या मोटर आणि बॅरलमधून कोण सोडतंय आपल्याला.

विंडोज ७ टाकू का असं बरेच जण विचारतात. मला त्यात आता राम दिसत नाही. सेफडिस्क तिथं पण अपडेटनं गेलं, क्रोमनं २०२३ ला सोडलं, स्टीमनं २०२४ ला सोडलं. जुन्या गेमला एक्सपीइतकं सरळ नाही आणि रोजच्या कामाला मिंटइतकं सुरक्षित नाही. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत, मराठी टायपिंग होतं, लाइट बिल भरता येतं, घरच्यांचं काही अडत नाही. मॅकवाल्यांनी एवढंच लक्षात ठेवा की २०१९ च्या कॅटालिना या आवृत्तीपासून मॅकचे ३२ बिटचे प्रोग्राम चालत नाहीत.

आणि कपाटात जुन्या सीड्या असतील तर ड्राइव्ह चालू आहे तोवर कॉपी काढून घ्या, आपल्याकडच्या उन्हात वरचा थर सुटायला लागतो. पण आयएसओ (सीडीची एकाच फाइलमधली कॉपी) करू नका, त्या काळातल्या बऱ्याच गेमचं संगीत सीडीवर ऑडिओ ट्रॅक म्हणून असायचं आणि आयएसओमध्ये फक्त डेटा येतो, गेम मुकी होते. बिन आणि क्यू अशी फाइलची जोडी करा, मिंटवर सीडीईम्यूनं ती माउंट होते.