खिशातला पोटेन्शिओस्टॅट आणि तेलाचा डबा

परभणीत आमच्या कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागासाठी आठ महिन्यांपूर्वी मोबाईलवर चालणारा छोटा पोटेन्शिओस्टॅट घेतला, म्हणजे द्रावणात बुडवलेल्या इलेक्ट्रोडवर ठरवलेलं व्होल्टेज देऊन वाहणारा करंट मोजणारं यंत्र. कंपनीचं नाव लिहीत नाही, भांडण अजून मिटलेलं नाही. जीएसटी धरून ३५ हजार. मोठ्या यंत्राचं कोटेशन पाच लाखांच्या पुढं गेलं, म्हणून हा. खोकं उघडल्यावर लॅबमधले मामा म्हणाले, "सर, एवढ्याशाला पस्तीस हजार दिले व्हय?"

फेरिसायनाइडवर, म्हणजे असं यंत्र तपासायच्या नेहमीच्या द्रावणावर, पहिल्याच दिवशी पास झाला. एम.एस्सी.च्या पोरांचं तेवढंच प्रॅक्टिकल करून घ्यायचं असेल तर पुढचं वाचू नका, घेऊन टाका. मला मात्र प्रथिनातला इलेक्ट्रॉन थेट इलेक्ट्रोडवर उतरताना बघायचा होता. त्यासाठी घोड्याच्या हृदयातलं सायटोक्रोम सी हे इलेक्ट्रॉन वाहणारं प्रथिन मागवलं. पीएच ७ च्या फॉस्फेट बफरच्या दोन मिलिलीटरमध्ये दहा मिलिग्रॅम टाकलं की ओल्या कुंकवासारखा रंग येतो.

नुसत्या सोन्याच्या चकतीवर हे प्रथिन दाद देत नाही. चिकटून बसतं, उलगडतं आणि आलेख सपाट. त्यातल्या हीमची, म्हणजे इलेक्ट्रॉन देणाऱ्या-घेणाऱ्या लोहाच्या भागाची, फक्त एक कड बाहेर डोकावते, भोवती लायसिन या अमिनो आम्लाचे धनभार. ती कड सोन्याकडं तोंड करून आली तरच इलेक्ट्रॉनची उडी पडते. अंतर दीडएक नॅनोमीटरच्या पलीकडं गेलं की उडी जवळपास बंदच. ऑक्सफर्डच्या एडोज आणि हिल यांनी १९७७ मध्ये द्रावणात ४,४'-बायपिरिडिल नावाचं छोटं रसायन घातलं. ते स्वतः इलेक्ट्रॉन देत-घेत नाही, सोन्यावर बसून प्रथिनाला नीट टेकायला जागा करून देतं, बस. मीही तेच घातलं. चकती ०.०५ मायक्रॉनच्या अ‍ॅल्युमिनावर घासली, आठच्या आकड्यासारखी फिरवून. (इंग्रजी आठ. एका विद्यार्थ्यानं मराठी ८ गिरवत अर्धा तास घासली होती.)

आणि आलेखावर दोन टेकड्यांऐवजी (व्होल्टेज चढताना प्रथिन इलेक्ट्रॉन देतं ती एक, उतरताना परत घेतं ती दुसरी) दाढी वाढलेली रेघ!

चकती दोन मिलिमीटरची, स्कॅन, म्हणजे व्होल्टेजची ही चढ-उतार, सेकंदाला ५० मिलिव्होल्टचा. हिशेबानं टेकडीची उंची येते पाऊण मायक्रोअँपिअर. माहितीपत्रकात तर हा नॅनोअँपिअर मोजतो असं छापलंय. मोजतही असेल, पण सोबतची दोन फुटी वायर बिनजाळीची आहे (बाहेरचा विद्युत गोंगाट अडवणारं धातूच्या जाळीचं वेष्टन नाही), म्हणजे पंख्याच्या आणि ट्यूबलाइटच्या ५० हर्ट्झसाठी अँटेनाच. विक्रेत्याला तीनदा फोन केला. तिन्ही वेळा एकच उत्तर, "इलेक्ट्रोड बदलून बघा." पंखा बंद करा म्हणणाऱ्यानं मे महिन्यात परभणीला येऊन दाखवावं.

एक दिवस मधेच लाईट गेली. यंत्र मोबाईलच्या बॅटरीवर, त्यामुळं स्कॅन चालूच राहिला, आणि रेघेची दाढी झाली की गुळगुळीत! तेव्हा दुखणं कुठं आहे ते कळलं. मामांनी कँटीनमधून तेलाचा १५ किलोचा रिकामा डबा आणला, एक बाजू कापली, वायरीपुरतं भोक पाडलं. मी कोपऱ्यातला रंग कानशीनं खरवडून यंत्राच्या ग्राउंडची क्लिप तिथं लावली. आता पंखा फुल, डब्यात सेल (द्रावण आणि इलेक्ट्रोडचं भांडं), आणि दोन टेकड्या स्पष्ट. मध्यबिंदू सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडच्या संदर्भ इलेक्ट्रोडच्या तुलनेत +५० मिलिव्होल्टच्या जवळ, टेकड्यांमधलं अंतर ७२. पंचवीस अंशाला आदर्श ५७. या पैशात मी खूश आहे.

अ‍ॅप मात्र रद्दी. स्कॅन संपल्याशिवाय काही साठवत नाही. मधे कुणाचा फोन आला की सगळं गेलं. फ्लाइट मोड लावूनच बसा.

पोरांनी हुरूप येऊन ग्लुकोज ऑक्सिडेज हे साखर मोजायच्या पट्टीतलं एन्झाइमही लावून पाहिलं. टेकडी नाही. यंत्राचा दोष नाही हा. त्याचा एफएडी, म्हणजे इलेक्ट्रॉन देणारा-घेणारा भाग, प्रथिनाच्या पोटात खोल पुरलेला असतो, म्हणून तर शुगरच्या पट्टीत मधला हमाल म्हणून फेरिसायनाइडसारखं काहीतरी घालावं लागतं.

पाचपैकी साडेतीन. पैसे भरण्याआधी जाळीदार केबल लेखी मागून घ्या. आमची अजून "पुढच्या आठवड्यात" येतेय, आणि सेलला शेंगदाणा तेलाचा वास.